टायर आतून खाल्ला जातोय? कँबरला शिव्या नंतर द्या, आधी टो आणि बुश बघा

बाहेरून बघितलं तर नक्षी मस्त पाच मिमी, आणि चाक काढलं तर आतल्या कडेला तार बाहेर आलेली. माझ्या गाडीच्या मागच्या डाव्या चाकाचं असंच झालं होतं, तेही ब्रेक पॅड बदलायला चाक काढलं म्हणून कळलं, नाहीतर मी तसाच हायवेला निघालो असतो. वर तीन महिन्यांपूर्वी अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) केलेली आणि प्रिंटआउटवर सगळं हिरवंगार.

बहुतेक जण हे काम उलट्या क्रमाने करतात. टायर गेला की नवे टायर घालतात, मग अलाइनमेंट, मग सहा महिन्यांनी कळतं की बुश (सस्पेन्शनच्या सांध्यातलं रबर) फाटलेला होता, तोवर नवे टायर पण आतून गोटा. म्हणून इथे क्रमावरच जास्त भर दिलाय. एखादी पायरी गाळायची असेल तर निदान काय गाळतोय हे माहीत असू द्या.

एक गोष्ट आधीच डोक्यात बसवून घ्या. निगेटिव्ह कँबरमुळे (चाकाचं वरचं टोक आत झुकलेलं) वजन टायरच्या आतल्या कडेवर जास्त येतं हे खरं, पण नुसत्या दीड-दोन अंश कँबरने टायर इतक्या झटपट जात नाही. टायर खातो तो टो, म्हणजे वरून बघितलं तर चाकाचं पुढचं तोंड आत (टो-इन) किंवा बाहेर (टो-आऊट) वळलेलं असणं. चाक सरळ रेषेपासून ०.१ अंश जरी तिरकं असलं तर दर किलोमीटरला ते पावणेदोन मीटर आडवं ओढलं जातं, म्हणजे दहा हजार किलोमीटरात साडेसतरा किलोमीटर. कँबर फक्त ठरवतो की हे घासणं टायरच्या कुठल्या भागावर होणार. परफॉर्मन्स गाड्यांना मुळातच कँबर जास्त, टायर रुंद आणि मऊ, त्यामुळे टो-आऊट असो की टो-इन, बिल आतल्या कडेच्याच नावाने फाटतं.

१. आधी मोजा, नजरेवर जाऊ नका

नक्षीची खोली मोजायचं ट्रेड डेप्थ गेज घ्या, साधं चालेल. प्रत्येक टायरवर तीन ठिकाणी मोजायचं: आतली कड, मधोमध, बाहेरची कड. पुढची चाकं स्टिअरिंग पूर्ण वळवून मोजता येतात, मागच्यांसाठी चाक काढणंच बरं, कारण मागच्या टायरची आतली कड खाली झोपून बघितली तरी नीट दिसत नाही. टायर फिरवत तीन-चार जागी परत मोजा, एकाच जागेवर विश्वास नको.

आकडे लिहून ठेवा, सोबत किलोमीटर पण. नवीन टायर साधारण सात-आठ मिमीचा असतो आणि खाचांमधल्या वेअर इंडिकेटरच्या पट्ट्या १.६ मिमीला असतात, पण तुमच्यासाठी आत आणि बाहेरचा फरक महत्त्वाचा. एक मिमीच्या आतला फरक निगेटिव्ह कँबरच्या गाडीत मी मनावर घेत नाही. दोनच्या वर गेला की कामाला लागायचं.

थांबा: कुठेही तार किंवा कापडाचे धागे दिसले तर पुढचं काही वाचू नका, तो टायर आजच काढा. अलाइनमेंट सेंटरपर्यंत हळू नेतो वगैरे पण नको.

२. झीज हाताने वाचा

तळहात नक्षीवर आडवा फिरवायचा, आधी बाहेरून आत, मग आतून बाहेर. (तारा दिसत असतील तर हात लावू नका, सुईसारख्या घुसतात.)

आतून बाहेर हात नेताना करवतीसारखं बोचतंय आणि उलट नेताना गुळगुळीत लागतंय, तर टो-इन जास्त आहे. बाहेरून आत येताना बोचतंय तर टो-आऊट. दोन्हीकडून गुळगुळीत आहे पण आतल्या बाजूला टायर उतरता झालाय, तर कँबरचा हात मोठा. आणि नक्षी ठिकठिकाणी खड्डे पडल्यासारखी वरखाली लागत असेल तर आधी शॉक अब्सॉर्बर, व्हील बेअरिंग आणि बॅलन्सिंग बघा, नुसत्या अलाइनमेंटने ते जाणार नाही.

मग डावी-उजवी तुलना करा. दोन्ही बाजूंना सारखी झीज म्हणजे बहुतेक सेटिंगचा प्रश्न. एकाच बाजूला असेल तर काहीतरी वाकलंय, फाटलंय किंवा सरकलंय, आणि अशा गाडीवर नुसते आकडे जुळवून घेणं म्हणजे दुखणं झाकणं.

हवेचा दाब पण आत्ताच बघून टाका, गार टायरवर, दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे. हवा कमी असली की दोन्ही कडा झिजतात, पण वर कँबर असेल तर आतली कड आधी जाते आणि माणूस उगाच कँबरच्या मागे लागतो.

३. ढिलं काय आहे ते शोधा (ही पायरी सगळे गाळतात)

अलाइनमेंट मशीन गाडी उभी असताना मोजतं. टायर झिजतो गाडी पळताना, ब्रेक मारताना, जोरात पिकअप घेताना. मधे जे रबरी बुश आहेत ते फाटलेले असतील तर उभ्या गाडीचा टो आणि पळत्या गाडीचा टो या दोन वेगळ्या गोष्टी होतात. पुढच्या लोअर आर्मचा (चाक गाडीला जोडणारा खालचा दांडा) मागचा बुश गेला की ब्रेक दाबल्यावर चाक मागे ओढलं जातं आणि बऱ्याच गाड्यांत त्याबरोबर टो-आऊट होतं, ब्रेक सोडला की परत जागेवर. अलाइनमेंटच्या रॅकवर मात्र आकडा अगदी बरोबर. माझ्या त्या मागच्या चाकात हेच होतं, टो लिंकच्या (मागच्या चाकाचा टो धरून ठेवणारा दांडा) आतल्या बाजूचा बुश रबरापासून सुटलेला, हाताने दाबून बघितलं तर घट्ट वाटायचा, टॉमी (लांब लोखंडी कांब) घालून रेटला तेव्हा कुठे तोंड उघडलं.

तपासायचं असं:

- गाडी जॅकवर घ्या आणि खाली स्टँड लावा. नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीखाली डोकं घालायचं नाही.
- चाक घड्याळातल्या ९ आणि ३ वर धरून हलवा: टाय रॉड (स्टिअरिंगपासून चाकापर्यंतचा दांडा). १२ आणि ६ वर धरून हलवा: बॉल जॉइंट किंवा व्हील बेअरिंग. नेमकं कुठे हलतंय ते एकट्याला कळत नाही, दुसऱ्या कुणाला तरी आत बोट लावून बसवा.
- प्रत्येक बुशवर टॉमीने दोन्ही दिशांना जोर द्या. वरच्या बारीक भेगा चालतात, रबर धातूपासून सुटलेलं चालत नाही. काही गाड्यांत तेल भरलेले बुश असतात, तिथे काळा ओला डाग दिसला की समजा गेला.
- दोन्ही बाजूंना पुढच्या हबपासून मागच्या हबपर्यंत अंतर मोजा, स्टिअरिंग सरळ ठेवून. डावी-उजवीत पाच-सात मिमीपेक्षा जास्त फरक आला तर आर्म किंवा सबफ्रेम (आर्म ज्या चौकटीला बसतात ती) संशयित. काही मोजक्या गाड्या मुळातच तशा असतात, तेवढं मॅन्युअलमध्ये बघा.

इथे होणारी मोठी चूक: नवीन बुश बसवताना बोल्ट चाक हवेत लोंबकळत असतानाच पूर्ण आवळायचा. रबर त्या अवस्थेत पकडलं जातं, गाडी खाली आली की कायम पिळलेलं राहतं, थोड्याच दिवसांत फाटतं आणि तोवर गाडीची उंची पण बिघडवतं. बोल्ट बोटाने बसवा, आर्मखाली जॅक लावून चाक नेहमीच्या उंचीला आणा आणि मग टॉर्क रेंचने आवळा.

चेक: वरचं सगळं घट्ट निघाल्याशिवाय अलाइनमेंटची वेळ घेऊ नका.

४. गाडी मापासाठी तयार करा

उंची आधी. स्प्रिंग बदलायच्या असतील, कॉइलओव्हर (उंची बदलता येणारे स्प्रिंग-शॉक) खाली-वर करायचे असतील, टायरची साइज बदलायची असेल तर ते अलाइनमेंटच्या आधी. गाडी तीस मिमी खाली केली की बहुतेक सस्पेन्शनमध्ये कँबर निगेटिव्हकडे सरकतो हे सगळ्यांना माहीत असतं, पण त्याच वेळी टो पण हलतो, आणि लोक कँबर बघून "चालेल एवढा" म्हणत तसेच फिरत राहतात. नवीन स्प्रिंग असतील तर थोडे दिवस चालवून बसू द्या, पण त्या आधी निदान टो तरी ढोबळ सरळ करून घ्या, नाहीतर स्प्रिंग बसेपर्यंत टायर निम्मा जाईल.

एअर सस्पेन्शन असेल तर कंपनीने सांगितलेल्या मोडमध्ये आणि उंचीतच मापायची. आणि तुम्ही रोज गाडी सगळ्यात खालच्या मोडला चालवत असाल तर तुमचे टायर त्या उंचीच्या आकड्यांवर झिजतायत, प्रिंटआउटवरच्या नाही.

वजनाचं पण असंच. ई४६ (जुनी ३ सिरीज) च्या काळातल्या बीएमडब्ल्यूंना अलाइनमेंटसाठी सीटवर आणि डिकीत ठराविक वजन ठेवायला सांगितलेलं असायचं आणि टाकी फुल. तुमच्या गाडीचं मॅन्युअल काय म्हणतं ते बघा आणि तसंच करायला लावा. काहीच दिलेलं नसेल तर टाकी अर्ध्याच्या वर, डिकीतली अडगळ बाहेर, आणि ट्रॅकवर एकटेच चालवत असाल तर ड्रायव्हर सीटवर तुमच्या वजनाइतकं काहीतरी.

अॅडजस्ट करायच्या सगळ्या बोल्टना आदल्या दिवशी गंज काढायचा स्प्रे मारून ठेवा. मागचे एक्सेंट्रिक बोल्ट (फिरवून कोन बदलायचे) बुशच्या आतल्या नळीत गंजून बसतात आणि मग रॅकवर ऐकू येतं "साहेब, यात मागचं अॅडजस्ट होत नाही". होतं, बोल्ट फिरत नाही एवढंच.

५. आकडे स्वतः ठरवून जा

हिरवा रंग म्हणजे फक्त कंपनीच्या रेंजमध्ये. रेंज कधीकधी एवढी रुंद असते की डावं चाक एका टोकाला आणि उजवं दुसऱ्या टोकाला असूनही दोन्ही हिरवे.

रस्त्यावर चालणाऱ्या परफॉर्मन्स गाडीसाठी, कंपनीच्या रेंजच्या आत राहून, मी साधारण हे धरतो: पुढे कँबर उणे १ ते उणे १.५, मागे उणे १.५ ते उणे २. पुढचा एकूण टो शून्य ते ०.१० अंश इन. मागचा एकूण टो ०.१५ ते ०.३० इन, आणि टायर वाचवायचे असतील तर त्यातलं खालचं टोक. मागचा टो शून्य करू नका, टो-आऊट तर अजिबात नको, टायर वाचतील पण जोरात वळताना किंवा ब्रेकिंगला मागची बाजू अचानक सुटू शकते. डावी-उजवीत कँबरचा फरक ०.३ च्या आत, कास्टरचा (स्टिअरिंगचा अक्ष बाजूने बघितलं तर किती कललाय) ०.५ च्या आत.

ट्रॅकसाठी उणे २.५ ते ३.५ कँबर लोक लावतात ते बरोबरच आहे, कारण तिथे वळणांवर बाहेरची कड झिजते. तेच सेटिंग घेऊन रोज सरळ हायवेवर गेलात तर बाहेरच्या कडेला कामच उरत नाही, सगळी आतलीच झिजते. दोन्ही करायचं असेल तर वर कँबर प्लेट (कँबर सरकवता येणारं माउंट) लावून दोन खुणा करून ठेवतात, पण कँबर हलवला की टो हलतो, म्हणून प्रत्येक खुणेला टाय रॉड किती फिरवायचा हे पण मोजून लिहून ठेवायला लागतं. ते करणारे फार कमी.

थांबा: एककं बघा. ०.१० अंश आणि ०°१०' हे एकच नाही. दहा मिनिटं म्हणजे ०.१७ अंश. मी एकदा दशांशात लिहून दिलेला टो समोरच्याने मिनिटांत वाचला आणि गाडी दीडपटीहून जास्त टो घेऊन बाहेर आली, दोघांनाही वाटत होतं काम चोख झालंय. तसंच "टो" म्हणजे एका चाकाचा की दोन्हींचा एकूण, तेही कागदावर लिहून द्या. ०.२० एकूण आणि ०.२० प्रत्येकी यात दुपटीचा फरक आहे.

६. रॅकवर: क्रम हाच

१. टायरमधली हवा चारही चाकांना परत बघा. पुढची चाकं टर्न प्लेटवर, मागची स्लिप प्लेटवर (चाकाखालच्या सरकत्या थाळ्या), आणि पुढच्या टप्प्यातलं ढकलणं झालं की त्यांच्या पिना काढायच्या. पिना विसरल्या तर चाक मोकळं सरकत नाही आणि आकडे खोटे येतात.

२. रिमला क्लॅम्प लावल्यावर रनआउट (रिमच्या वाकडेपणाचा फरक) काढायलाच लावा, म्हणजे गाडी थोडी पुढेमागे ढकलून किंवा चाक फिरवून. रिम किंचित वाकलेला असेल तर हा एकच टप्पा तुम्हाला वाचवतो, आणि घाईत नेमका हाच उडवला जातो.

३. गाडी पुढून-मागून दोन-चारदा दाबून सस्पेन्शन बसवा. सुरुवातीचे आकडे प्रिंट करा. हा कागद नंतरच्या कागदापेक्षा जास्त कामाचा, पायरी २ मध्ये हाताला जे लागलं त्याच्याशी जुळतोय का बघा. जुळत नसेल, म्हणजे टायर टो-आऊट सांगतोय आणि मशीन टो-इन, तर परत पायरी ३ ला जा, कुठलातरी बुश सुटलाय.

४. मागचा कँबर.

५. मागचा टो, दोन्ही चाकांना सारखा. मागच्या दोन चाकांच्या टोमधल्या फरकाचा निम्मा म्हणजे थ्रस्ट अँगल, तो शून्याजवळ हवा. मागची चाकं गाडीला जिकडे ढकलतात त्या रेषेवरच पुढची लावायची असतात, म्हणून मागचं आधी. नुसता पुढचा टो सेट करून वीस मिनिटांत किल्ली हातात देणारे असतात, त्यांना नमस्कार करून निघा.

६. पुढचा कास्टर, मग पुढचा कँबर. स्ट्रटच्या गाड्यांत कँबर बोल्ट किंवा वरच्या माउंटवर, विशबोनच्या गाड्यांत शिम (मधे घालायची पातळ पट्टी) किंवा एक्सेंट्रिक.

७. स्टिअरिंग सरळ करून लॉक करा, हायड्रॉलिक असेल तर इंजिन चालू ठेवून. मग सगळ्यात शेवटी पुढचा टो. पाव फेऱ्यात पण आकडा चांगलाच हलतो, तेव्हा सावकाश. टाय रॉड फिरवताना स्टिअरिंग रॅकचा रबरी बूट पिळला जात नाही ना बघा, आणि फक्त एकाच बाजूचा टाय रॉड फिरवून दोन्हींचा हिशोब जुळवायचा नाही, स्टिअरिंग वाकडं येतं.

८. लॉकनट आवळा आणि आवळल्यानंतर परत वाचा. आवळताना टाय रॉड स्वतःबरोबर फिरतो, एक्सेंट्रिक पण सरकतात. शेवटचा प्रिंट सगळं टॉर्क झाल्यावरचाच हवा.

चेक: निघायच्या आधी प्रत्येक हलवलेल्या नटवर पेंटची रेघ ओढा. पुढे कधी शंका आली तर नट फिरलाय का हे बघायला पाना पण लागणार नाही.

स्टिअरिंग अँगल सेन्सर कॅलिब्रेट करून घ्या, नाहीतर स्टॅबिलिटी कंट्रोल सरळ रस्त्यावर पण वळण समजून लुडबुड करतो. पुढे बघणारा कॅमेरा किंवा रडार असेल आणि मागचा टो हलवला असेल तर त्याचंही कॅलिब्रेशन लागतं का ते मॅन्युअलमध्ये बघा.

७. घरी दोरीने पडताळणी

मशीनवर अविश्वास म्हणून नाही, पण उंची बदलली, खड्ड्यात आदळली, की दरवेळी रॅकवर कोण जातंय. सपाट जागा लागते. दीड मीटरला एक सेंटीमीटर उतार असला तरी कँबर जवळपास ०.४ अंश चुकतो, टोला मात्र एवढा फरक पडत नाही.

गाडी काही मीटर पुढे घेऊन थांबवा, रिव्हर्स करून नाही, आणि जॅकवरून उतरवून लगेच तर मुळीच नाही, टायर आडवे अडकून राहिलेले असतात. दोन्ही बाजूंना हबच्या मध्याच्या उंचीवर दोरी ताणा. पुढच्या दोन्ही हबपासून दोरीचं अंतर एकमेकांशी सारखं, मागच्या दोन्ही हबपासूनचं एकमेकांशी सारखं. पुढचं आणि मागचं मात्र सारखं नसणार कारण बहुतेक गाड्यांची पुढची-मागची रुंदी वेगळी असते. इथेच अर्धे लोक चुकतात, सगळी अंतरं सारखी करतात आणि दोरी तिरकी बसते.

आता प्रत्येक रिमच्या पुढच्या आणि मागच्या कडेपासून दोरीपर्यंत स्टीलच्या पट्टीने मोजा. पुढे १५२ आणि मागे १५१ आलं तर त्या चाकाला एक मिमी टो-इन, १८ इंची रिमवर साधारण ०.१२ अंश. पुढचं अंतर कमी आलं तर टो-आऊट. रिमवर खडूने खूण करा, चाक अर्धा फेरा जाईल इतकी गाडी पुढे घ्या, दोरी परत लावून परत मोजा आणि सरासरी घ्या, म्हणजे वाकड्या रिमचा दोष निघून जातो. कँबरला डिजिटल अँगल गेज किंवा ओळंबा: रिमच्या वरच्या आणि खालच्या कडेत आठेक मिमीचा फरक म्हणजे एक अंश.

८. नंतरचे हजार किलोमीटर

अर्धवट झिजलेले टायर पलटवून वाचवता येतात का हा प्रश्न हमखास येतो. बाजूला "आउटसाइड" लिहिलेला असिमेट्रिक टायर रिमवर उलटा बसवता येत नाही, विषय संपला. बाण असलेला डिरेक्शनल टायर रिमवरून काढून, उलटा करून, गाडीच्या दुसऱ्या बाजूच्या रिमवर बसवला तर बाण बरोबर राहतो आणि झिजलेली कड बाहेर येते. हे फक्त नक्षी पुरेशी शिल्लक असेल तर, आणि दुरुस्ती झाल्यानंतर. आधी केलंत तर दोन्ही कडा घालवून बसाल.

सपाट रिकाम्या रस्त्यावर स्टिअरिंग सरळ ठेवून बघा, गाडी सरळ जातेय पण स्टिअरिंग वाकडं आहे तर लगेच परत जा, थोडे दिवस बघू म्हणू नका. हजार किलोमीटर झाले की पायरी १ चंच गेज घेऊन त्याच जागा परत मोजा आणि जुन्या आकड्यांखाली लिहा. हजारात आतली कड अर्धा मिमीने जास्त गेली असेल तर या वेगाने दहा हजारांत पाच मिमी जाणार, म्हणजे टायर संपलाच. तसं दिसलं तर रॅकवर परत जायच्या आधी गाडी जॅकवर घ्या, टॉमी घ्या, आणि पायरी ३ मध्ये जो बुश "ठीकच आहे" म्हणून सोडून दिला होता त्याच्यापासून सुरुवात करा.